हातझाडे सरांचं काचेचं पोट

गोंदियाच्या रेल्वे स्टेशनवर समुद्राचा वास येतो असं कोणी म्हटलं, तर लोक त्याला सावलीत बसवून पाणी पाजतील. पण मी तो वास घेतला आहे, पार्सल ऑफिससमोर उभी राहून, नाकाला पदर लावून. १९९९ सालची गोष्ट. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागून मला थोडेच महिने झाले होते. वनस्पतिशास्त्राचे हातझाडे सर स्टाफरूममध्ये आले आणि सरळ माझ्यासमोर उभे राहिले. "मॅडम, तुम्ही मुर्रीला, आमच्याच गल्लीत राहायला आलात ना? स्टेशनवरून एक पोतं आणायचं आहे. स्कूटरवर मावत नाही. तुम्ही रिक्षात पोत्याजवळ बसा, मी मागून येतो." नव्याने लागलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

पोत्यात वाळलेलं समुद्री शेवाळ होतं. पार वेंगुर्ल्याकडून, दोन-तीन गाड्या बदलत, ऊन खात आलेलं. पार्सलबाबू वैतागला होता.

"मास्टरजी, इसमें मछली मरी है क्या? पूरा गोदाम बास मार रहा है।"

"मछली नहीं, घास है. समुंदर की घास."

"तो मंगाई काहे को? गोंदिया में घास कम है क्या?"

दुसरा कोणी असता तर सही करून निघाला असता. सरांना मात्र प्रश्न अगदी रास्त वाटला. त्यांनी बाबूला समजावायला घेतलं की जपानात लोक हे खातात, त्यात औषधी द्रव्यं आहेत असं सगळे म्हणतात, पण पोटात गेल्यावर त्या द्रव्यांचं काय होतं, ते नीट पाहायचं आहे. बाबू म्हणाला, "पेट में जाके तो सब का एक ही होता है, मास्टरजी." सर एवढे हसले की हमालही हसायला लागले. पुढे दरवर्षी पहिल्या तासाला ते मुलांना हे वाक्य सांगत आणि म्हणत, "बाबू चुकला होता. कसा चुकला, ते आपण वर्षभर पाहणार आहोत."

सर मूळचे गोंदिया जिल्ह्यातल्याच अर्जुनी मोरगावकडचे, तिथल्या प्रतापगडाच्या वाटेवरच्या एका गावचे. कोहळी घर, म्हणजे पिढीजात तलाव बांधणारे. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी मातीची पाळ घालून बांधलेला, आणि त्याचा अभिमान त्यांना स्वतःच्या पीएच.डी.पेक्षा जास्त होता. लहानपणी तलावातलं शेवाळ गळ्यात घालून ते शाळेत गेले होते आणि मास्तरांचा मार खाऊन आले होते. पुढे तरुणपणी कसल्याशा प्रशिक्षणासाठी कोकणात गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. "कसा वाटला?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तलाव मोठा होता, पण पाळ कोणी बांधली नव्हती." हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं नव्हतं.

उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी लाल पेन. हे पेन पेपर तपासायचं नव्हतं, वर्तमानपत्र वाचायचं होतं. "अमुक फळ खा, रक्तदाब पळवा", "तमुक पाल्यात लोहाचा खजिना" असं छापून आलं की सर त्याच्या बाजूला लाल अक्षरात लिहीत: 'पोटात गेल्यावर?' स्टाफरूमचं वर्तमानपत्र प्राचार्यांकडे जाईपर्यंत त्याला गोवर उठलेला असे. प्राचार्य चिडत, आम्ही हसत. पण मला ती सवय लागलीच. आजही आरोग्याचं पान वाचताना माझी नजर समासात लाल अक्षरं शोधते.

"आत काय गेलं ते कोणीही सांगेल. कामी काय आलं ते सांगा." हे त्यांचं पालुपद. शेवाळापासून सुरू झालेलं हे वाक्य ते मग कशालाही लावत. तपासणीला आलेल्या साहेबांचं तासभराचं भाषण संपलं की बाजूला वाकून विचारत, "मॅडम, कामी काय आलं?" एकदा तर हे त्यांनी माझ्याच तासाबद्दल विचारलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

आता त्या पोटाबद्दल सांगते. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर कोमट पाण्याचं एक भांडं होतं, अंगाच्या उष्णतेइतकं तापवलेलं. त्यात तीन काचेच्या बाटल्या. पहिल्या बाटलीत आम्ल आणि पाचकद्रव्य, म्हणजे जठर. दुसरीत पित्त आणि बाकीचे पाचकरस, म्हणजे लहान आतडं. तिसरी घट्ट बुचाची, आत हवा नसलेली, तिच्यात मोठ्या आतड्यातले जिवंत जंतू. ते जंतू आणता कुठून, असं मी विचारलं आणि पस्तावले. सरांनी मला अत्यंत मोकळेपणाने सांगितलं. बाटल्या हलत राहाव्यात म्हणून खाली एका जुन्या शिलाई मशीनची मोटर लावलेली होती. ती दिवसभर घरघरत असे. त्या काळी भारनियमन भयंकर होतं. वीज गेली की मुलं व्हरांड्यातून ओरडत, "सर, पोट थंड पडलं!" मग सर हातातला खडू टाकून धावत जात आणि भांड्याभोवती घोंगडी गुंडाळत.

त्या बाटल्यांमधून त्यांनी वर्षानुवर्षं शेवाळ घातलं आणि काढलं. मी रसायनवाली म्हणून मोजमापाला मदत करत असे, त्यामुळे थोडंफार मला कळलं. शेवाळातले चिकट धागे माणसाच्या पाचकरसांना दाद देत नाहीत, ते तसेच्या तसे शेवटच्या बाटलीपर्यंत जातात आणि तिथले जंतू त्यांच्यावर जगतात. काही द्रव्यं आधी निरुपयोगी असतात, पचताना तुटतात तेव्हाच कामाची होतात. आणि तपकिरी शेवाळात एक सोनेरी रंग असतो, त्याच्याबद्दल तर लोक काय काय लिहीत. म्हणे काचेच्या बशीत तो कॅन्सरच्या पेशी मारतो. सर म्हणत, "बशीत काय, बशीत कशानेही काहीही मरतं. बशीला पोट नाही." हा रंग तेलाशिवाय पुढे सरकत नसे, आणि पहिल्या बाटलीतलं आम्ल त्याला बराच खाऊन टाकत असे. सरांच्या सगळ्या कामाचा निष्कर्ष असा निराश करणारा होता, आणि सर तो अगदी आनंदाने सांगत.

एकदा आमच्या स्टाफरूममध्ये टाय लावलेला एक तरुण आला. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल विकत होता. एक विकली की तुम्हीही विक्रेते, असा तो धंदा. गुडघेदुखीपासून साखरेपर्यंत सगळं बरं होणार होतं. सरांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक कॅप्सूल मागून घेतली, त्याला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं आणि ती पहिल्या बाटलीत टाकली. स्टूल दिलं, चहा मागवला. "बसा. आपण दोघं मिळून पाहू." वेळ गेला, कॅप्सूल बाटलीत मजेत तरंगत होती. तो पोरगा शेवटी रडकुंडीला आला. सरांनी त्याला सोडताना पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "राग मानू नका. ज्याला विकाल त्याच्या पोटाची काळजी तुम्हालाच घ्यायला पाहिजे ना?" ते वाक्य मला पुढे फार आठवलं.

शेवंताबाई म्हणजे सरांच्या पत्नी. सर कॉलेजात पुस्तकी मराठी बोलत, घरी उंबरठा ओलांडला की त्यांची झाडीबोली सुरू होई, आणि ती त्यांना शेवंताबाईंकडून सव्याज परत मिळे. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि सरांची चेष्टा करायला तिसऱ्या कोणाची गरज नव्हती. "बाई, यांचं पोट कॉलेजात राहते," त्या मला सांगत, "घरी फक्त तोंड येते जेवायले." सर खाली मान घालून जेवत राहत.

त्यांचं माझ्या घरी पहिलं जेवण मी कधीच विसरणार नाही. आम्ही बौद्ध. त्या गल्लीत नवीन होतो. शेजारपाजारच्या काही बाया आमच्याकडे बसत, पण चहा विचारला की त्यांना नेमका उपास असे. शेवंताबाई आल्या, मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "वाढा." घाबरून मी वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ घातलं होतं. त्यांनी ती सगळी खाल्ली. परत मागून घेतली. ताट बोटाने पुसून स्वच्छ केलं आणि म्हणाल्या, "मस्त झाली जी." उशिरा आलेल्या सरांनी पहिला घास घेतला आणि तांब्या तोंडाला लावला, तेव्हा मला कळलं. शेवंताबाई नुसत्या हसत होत्या. ताटात वाढलेलं टाकायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी होतं. समोरच्याला वाईट वाटेल असं ताट त्यांनी जन्मात कोणाच्या हाती परत दिलं नसेल. त्या दिवसापासून त्या माझ्या वहिनी झाल्या.

२००६च्या पावसाळ्यानंतर वहिनींचं जेवण कमी व्हायला लागलं. दोन घासांत पोट भरतं म्हणायच्या. सरांनी आधी थट्टा केली, मग गोंदियात दाखवलं, मग नागपूरला नेलं. कॅन्सर होता, जठरात. ऑपरेशन झालं, आणि त्यांचं सबंध जठर काढून टाकावं लागलं. अन्ननळी सरळ आतड्याला जोडली. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने दोघांना बसवून नीट समजावलं. थोडं थोडं द्या, वारंवार द्या, पाणी जेवणाबरोबर नको. आणि सोसेल ते द्या. सरांनी मला हे परत आल्यावर शब्दशः सांगितलं होतं, म्हणून मला माहीत आहे.

सुटी संपवून सर कॉलेजात आले त्या दिवशी मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. मोटर बंद होती. सरांनी भांड्यातून पहिली बाटली काढली होती, धुतली होती आणि खिडकीत पालथी घालून ठेवली होती. भांड्यात दोनच उरल्या होत्या.

"शेवंताला आता ही नाही," ते म्हणाले.

मी नुसतं त्या बाटलीकडे पाहत राहिले.

काही आठवड्यांनी ते माझ्या प्रयोगशाळेत जवळजवळ धावत आले. हातात एक परीक्षानळी होती. खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "बघा." नळीत वर तेलाचा थर होता आणि त्या थरात सोनेरी रंग. गडद. मी त्यांचं इतकं मोजमाप केलं होतं, पण एवढा रंग शेवटपर्यंत आलेला कधी पाहिला नव्हता. आम्लाची बाटलीच नाही म्हटल्यावर तो वाचला होता. बाकी कोणाच्या पोटात जो मरतो, तो वहिनींच्या पोटात मात्र जिवंत पोचणार होता. इतक्या वर्षांत ज्या गोष्टीला त्यांनी लाल शाईने नाही नाही म्हटलं, तिने त्यांना पहिल्यांदा हो म्हटलं होतं, आणि तेही नेमकं त्यांच्या बायकोसाठी.

"सर, ही काच आहे," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. पण ही तिचीच काच आहे, मॅडम."

मग ते सुरू झालं. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी सर स्वतः तांदळाची पातळ पेज करत. तिच्यात शेवाळाची भुकटी शिजवत, वर चमचाभर जवसाचं तेल. स्टीलच्या एका छोट्या वाटीत ओतून ती वहिनींच्या पलंगाजवळ ठेवत. वाटी मुद्दाम छोटी होती. थोडं थोडं द्या, हे त्यांनी काटेकोर पाळलं होतं. फक्त एक सांगून जात, "वाटी धुवू नको. मी येऊन पाहतो." संध्याकाळी वाटी लख्ख असे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पाऊल टाकताच ते मला सांगत, "कालही पूर्ण घेतली." सरांना मी हसताना खूप पाहिलं आहे, पण त्या महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते हसू नव्हतं, त्याहून नाजूक काहीतरी होतं. त्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती.

वहिनी वाळत चालल्या होत्या. मी संध्याकाळी जाऊन बसे. "कसं वाटते वहिनी?"

"बरं हाये ना जी. यांचा समुद्र पिऊन राहिली मी. आता खारी होऊन जाईन."

वास कसा लागतो विचारलं तर नाक मुरडून हसायच्या. वजन उतरतंय, हे सरांना दिसत नव्हतं असं नाही. ते म्हणत, ऑपरेशननंतर उतरतंच, डॉक्टरांनी सांगितलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर उडाला. आज काही वीज येत नाही म्हणून दुपारआधीच सगळ्यांना सोडून दिलं. सर म्हणाले, "चला मॅडम, स्कूटरवर सोडतो." त्यांच्या दाराशी उतरले, म्हटलं वहिनींना बघून जाऊ. दार नुसतं लोटलेलं होतं.

वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर. लुगडं घामाने भिजलं होतं. एक हात जवळ ठेवलेल्या बादलीच्या काठावर. ओट्यावर ती वाटी होती, पुसून लख्ख केलेली.

"काय झालं?" सर खाली बसले. "शेवंता, काय झालं?"

"काही नाही जी. तुमी कायले आले एवढ्यात? जाते हे. आता जाते."

"आता जाते म्हणजे? रोज होते का असं?"

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. सरांनी परत विचारलं, या वेळी अगदी हळू. तेव्हा त्या म्हणाल्या, "घंटा-दोन घंटे दुखते. पोटात पिळून राहिलं वाटते. मंग बाहेर जाते सगळं. तुमी येतपर्यंत बरं होऊन जाते."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"कायले सांगू? वाटी पाहून तुमी एवढे खूश होऊन राहिले होते." थोडा श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "मले वाटलं, दुखते म्हणजे औषध काम करून राहिलं असन."

"नको वाटते तर ठेवून द्यायची ना वाटी! तशीच ठेवून द्यायची!"

"तुमी हातानं केलेलं," वहिनी म्हणाल्या, "टाकू कशी?"

सर उठले. ओट्यावरची वाटी त्यांनी हातात घेतली आणि तिच्यात पाहत उभे राहिले. नंतर मागच्या दाराने अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मी वहिनींचं अंग पुसलं, लुगडं बदललं. त्या मला म्हणाल्या, "यांले सांगा बाई, एवढं काही दुखत नाही."

आता कळतं, ते किती साधं होतं. जठर नसलं की खाल्लेलं थांबायला जागाच नाही, ते एकदम आतड्यात कोसळतं. शेवाळाचे ते चिकट धागे पाणी ओढून फुगतात. वरून तेल. सरांना यातलं एकूण एक माहीत होतं, मुलांना ते हेच शिकवत. पण त्यांच्या बाटलीला कळ येत नव्हती, आणि ज्या बाईला येत होती तिने आयुष्यात कधी ताट परत दिलं नव्हतं. सर एकदा मला म्हणाले, "डॉक्टर सोसेल ते द्या म्हणाला होता, बाई. सोसते की नाही, ते मी वाटीला विचारत होतो. समोर शेवंता होती. तिला नाही विचारलं." कॉलेजात ते मला नेहमी मॅडम म्हणत. हे त्यांनी कॉलेजात सांगितलं, तरी बाई म्हणाले.

त्यानंतर पेज बंद झाली. सरांनी दीर्घ रजा काढली. वहिनींना काय हवं ते विचारून देऊ लागले. त्यांना मुरमुरे आवडत, कोरडे, भाजलेले. सर पलंगाशी बसून चार-चार दाणे हातावर ठेवत आणि विचारत, "राहिलं? दुखते का? खरं सांग." परत चार दाणे, परत तेच. वहिनी मला म्हणाल्या, "पाहा ना बाई, विचारून विचारून जीव खाऊन राहिले माझा." पण कळा थांबल्या होत्या. त्या पावसाळ्यात त्या अंगणात येऊन बसायच्या, माझ्या मुलीच्या वेण्या घालायच्या. त्यांना थोडे दिवस बरे गेले, हे मी स्वतःला अनेकदा सांगते.

दुखणं यकृतात उतरलं होतं. धानाची मळणी चालू असताना वहिनी गेल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सरांना स्पष्ट सांगितलं की शेवाळाने काही बिघडलं नाही, दुखणं परतणारच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी सोबत होते. सरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि ते महिने, डॉक्टर? ते तर बिनदुखीचे गेले असते ना?" डॉक्टरने समोरची फाईल मिटली. माणसाचे मोजकेच महिने उरलेले असतात आणि त्यातले काही आपण त्याला स्वयंपाकघराच्या फरशीवर काढायला लावले, यावर कोणी काय सांगणार?

सर कॉलेजात परतले, पण ती मोटर त्यांनी पुन्हा लावली नाही. पहिली बाटली खिडकीत पालथीच राहिली. तिच्यावर धूळ बसली, शिपायाने एकदा ती पुसली तर सरांनी त्याला काही म्हटलं नाही. वर्तमानपत्रं समासात कोरी यायला लागली. प्राचार्यांना वाटलं, बरं झालं. मला ते कोरं पान पाहवत नसे. निवृत्तीनंतर मुर्रीचं घर विकून सर गावी निघून गेले.

मग मी त्यांना एकदाच भेटले, २०१३ साली. प्रतापगडच्या दर्ग्याला माझ्या बहिणीच्या सासरचे लोक निघाले होते, मीही गेले. येताना जीप सरांच्या गावाशी थांबवायला लावली. बाकीचे झाडाखाली टेकले, मी एकटी आत गेले. घर तलावाच्या पाळीला लागूनच. सर दारात तांदूळ निवडत होते. खूप वाकले होते. मला पाहून उठले, "बाई, जेवल्याशिवाय जायचं नाही" म्हणाले, आणि स्वतः चुलीशी बसले. भात, लाखोळीची दाळ आणि तलावातल्या लहान मासोळ्यांचा रस्सा. हाताला चव होती. ती कोणाकडून आली, ते मी विचारलं नाही.

मी जेवत असताना ते समोर बसले होते. माझ्या ताटाकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. दर दोन घासांनी विचारायचे, "बरं लागते का? तिखट झालं असन. पोटात ठीक वाटून राहिलं ना? खरं सांगा."

"छान झालंय सर, खरंच."

ते मान हलवायचे आणि थोड्या वेळाने परत तेच विचारायचे. मी चौथ्यांदा की पाचव्यांदा छान म्हटलं तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नाहीये. छान म्हणणारी माणसं त्यांनी पाहिली होती. माझं ताट संपत आलं होतं, शेवटचे दोन-तीन घास उरले होते, आणि ते मला हवे होते. बऱ्याच वर्षांत इतकं चवीचं जेवले नव्हते. मी हात थांबवला. ताटात भात तसाच राहू दिला आणि म्हटलं, "सर, आता नको. जात नाही."

सरांनी ताटाकडे पाहिलं. भाताकडे पाहिलं. त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"ठेवलं का?" ते म्हणाले. "बरं केलं. फार बरं केलं, बाई. नको वाटलं तर ठेवून द्यायचं असते."

ताट मला उचलू दिलं नाही. जीप सुरू झाली तेव्हा मी वळून पाहिलं. सर माझं ताट दोन्ही हातांत धरून पाळीवरून खाली उतरत होते. पाण्याशी बसले, उरलेला भात हळूहळू तलावात सोडला, आणि मासोळ्या येतात का ते पाहत तिथेच बसून राहिले.